एचपी लेझरजेट १०२० – १७ वर्षं जुना प्रिंटर, अजून कामात

बाबांनी विम्याच्या कामासाठी २००८ साली घेतलेला हा प्रिंटर. मागच्या दिवाळीत घरचा जुना पीसी कायमचा बसला आणि मला ऑफिसातनं मॅक मिळालेला, म्हणलं केबल जोडू की झालं, पण कसलं काय, १०२० ला मॅकचा ड्रायव्हरच (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) नाही, तो पहिल्यापासून विंडोजसाठीचाच. कॉम्प्युटरच्या दुकानात विचारलं तर पोरगं म्हणालं, "दादा, भंगारात घाला, इंकटँक घ्या." म्हणजे शाईच्या टाकीवाला प्रिंटर. आता महिन्यात २०-२५ कागद काढणाऱ्या माणसानं इंकटँक घ्यायचा आणि शाई वाळत ठेवायची होय!

यात मूळ गोची काय आहे ते सांगतो. हा प्रिंटर स्वतः फार डोकं चालवत नाही, मेमरी फक्त २ एमबी, पानाचं चित्र कॉम्प्युटरनंच तयार करून द्यायचं. वर त्याचं फर्मवेअर, म्हणजे त्याला आतनं चालवणारा प्रोग्रॅमसुद्धा त्याच्यात राहत नाही, बटण बंद केलं की गेलं, दर वेळी चालू केल्यावर कॉम्प्युटरनं परत भरायचं. विंडोजमध्ये ड्रायव्हर ते गुपचूप करतो म्हणून इतकी वर्षं आम्हाला पत्ताच नव्हता.

माझ्याकडं एक रास्पबेरी पाय (छोटासा, एका पाटीवरचा कॉम्प्युटर) ड्रॉवरमध्ये पडून होता. त्यावर कप्स (छपाई सांभाळणारं सॉफ्टवेअर) टाकलं आणि फू-टू-झेडजेएस नावाचा फुकट ड्रायव्हर. प्रिंटर यादीत दिसला, टेस्ट पेज पाठवलं, जॉब पूर्ण झाला म्हणे आणि कागद हललासुद्धा नाही! दोन संध्याकाळी केबल बदलण्यात घालवल्या (चूक माझीच, नीट वाचलं नव्हतं). ती फर्मवेअरची फाईल पॅकेजात येत नाही, वेगळी आणावी लागते. ती योग्य फोल्डरमध्ये ठेवली, प्रिंटर बंद करून चालू केला आणि दोन-तीन सेकंदांनी आतनं घर्रर्र आवाज आला, तोच जुना. स्वयंपाकघरातनं आई म्हणाली, "झाला वाटतं चालू."

आता प्रिंटर पायला जोडून कपाटावर ठेवलाय आणि वायफायवर मॅकला, माझ्या आयफोनला सगळ्याला दिसतो, बाबा मोबाईलवरनं सातबारा पाठवतात आणि पहिला कागद १० सेकंदांच्या आसपास गरम गरम बाहेर. लाईट जाऊन आली तरी फर्मवेअर आपोआप भरलं जातं.

टोनरची तर काळजीच नाही. १२ए कार्ट्रिज, तेच झेरॉक्सवाल्यांकडच्या एचपीच्या एम१००५ प्रिंटरला पण लागतं, त्यामुळं रिफिल करणारा गल्लीत सापडतो. नवीन कार्ट्रिजला २००० पानं धरतात. मी रिफिलच करतो, २५०-३०० रुपयांत काम होतं, फक्त स्वस्त पावडर भरली तर पानाच्या कडेला करडी पट्टी येते, पहिली २-३ पानं तिथंच दुकानात काढून बघा. कागद ओढायला कुरकुर करायला लागला तर पुढचा रबरी रोलर ओल्या फडक्यानं पुसायचा, माझं तेवढ्यावर भागतं.

५ पैकी ४. एक कापला तो पाठपोट छापता येत नाही म्हणून, कागद हातानं उलटून घालायला लागतो आणि मी १७ वर्षांत एकदाही पहिल्या झटक्यात बरोबर बाजूनं घातलेला नाही.