जुना सिग्नल जनरेटर: २३,६४० रुपये पाण्यात

५,००० टोकन, १७,५०० माल निघण्याआधी, १,१४० ट्रान्सपोर्ट. भुसावळला एकोणीस वर्षं वायरलेस सेट दुरुस्त करतोय आणि धुळ्याच्या एका माणसाने मला सरळ गंडवलं. सांगायला लाज वाटते, तरी लिहितोय.

माल होता एचपी ८६४०बी, वायरलेस सेट तपासायला हवा तो रेडिओ सिग्नल तयार करून देणारं मशीन. फोटोत पॅनल पिवळट, नॉबवरची अक्षरं घासलेली, आणि आउटपुटला कोरा चकचकीत बीएनसी, म्हणजे केबल जोडायचा छोटा कनेक्टर. त्याखाली रुंद वॉशर, वॉशरच्या कडेला जुन्या भोकाची काळी चंद्रकोर दिसत होती. या मशीनला तिथे एन टाइप कनेक्टर येतो, मोठा, आट्यांचा. हे मला माहीत होतं हो! मी विचारलंसुद्धा. तर म्हणे, एनची केबल मिळत नाही म्हणून बदलला. "आपलाच माणूस शे भाऊ, खोटं कसाले बोलू?" अहिराणी ऐकली आणि मी पुढचं विचारलंच नाही. कारणही पटलं, माझ्या टेबलावरच्या सगळ्या केबल बीएनसीच्याच आहेत. त्याच क्षणी कव्हर काढून आतला फोटो मागायला हवा होता.

व्हिडिओत आकडे फिरत होते, म्हणून चालू समजलो. पण तो फ्रिक्वेन्सीचा काउंटर आतला ऑसिलेटर, म्हणजे सिग्नल तयार करणारा भाग, मोजतो, बाहेर काही येतंय की नाही हे त्यावरून कळत नाही. आउटपुटवर स्कोप (सिग्नल पडद्यावर दाखवणारं यंत्र) लावलेला व्हिडिओ मागा.

घरी उघडलं तर बीएनसीमागे दोन इंच वायर, टोकाला टेप. सिग्नल हवा तेवढा कमी करून बाहेर सोडणारा भाग, अटेन्युएटरच काढलेला. वर तो बीएनसीही सीसीटीव्हीचा, ७५ ओहमचा. इथे ५० लागतो.

आणि एन दिसला तरी हुरळू नका. ७५ ओहमच्या एनची पिन बारीक असते. त्याच्या फिमेलमध्ये ५० ची जाड पिन घुसवली की आतलं तोंड कायमचं फाकतं.

पोलीस ठाण्यात तीन चकरा झाल्या. "वस्तू मिळाली ना? मग दिवाणी बाब आहे." रिकामी जागा दाखवली तर साहेब म्हणाले, "हा रेडिओ आहे का?" नव्या कायद्यात फसवणुकीच्या ४२० चं कलम ३१८ झालं, आमचा अर्ज मात्र टेबलावरून हलत नाही. बँक म्हणते पैसे पाठवताना पिन नंबर तुम्हीच टाकला. मग दाद मागायची कोणाकडे? पैसे गेल्या गेल्या १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. मी पाच दिवस त्या विकणाऱ्याच्या उत्तराची वाट बघत बसलो. आणि धुळ्याला एसटीने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता आलं असतं, पण दुकानात सेटची रांग होती.

काल त्याची नवी जाहिरात दिसली: '८६४०बी चा अटेन्युएटर, ओरिजिनल एन कनेक्टरसकट, ९,००० रुपये.' स्क्रीनशॉट घेतलाय. उद्या चौथी चक्कर.