आईचा एमआरआय: मशीन झकास, रिसेप्शन दिव्य

आई हल्ली पाय घासत चालते, गॅस बंद करायला विसरते. बीपी तर जुनंच. न्यूरोलॉजिस्टनी मेंदूचा एमआरआय सांगितला. पुण्यातल्या या सेंटरमध्ये ३ टेस्लाचं, म्हणजे जास्त ताकदीच्या चुंबकाचं मशीन आहे. इंजेक्शन नाही, क्ष-किरण नाहीत, नुसता ठकठकाट. मंगळसूत्र काढायला आई तयार होईना; टेक्निशियन ताईंनी गळ्यात काळा दोरा बांधला, तेव्हा कुठे आत गेली! रिपोर्ट मात्र नेमका: फ्लेअर या प्रकारच्या चित्रांत पांढरे डाग, फाझेकास २ (डागांच्या ० ते ३ मापात मध्यम), एसडब्ल्यूआयवर (रक्ताच्या खुणा टिपणारी चित्रं) सूक्ष्म रक्तस्राव नाही. डॉक्टरांनी सीडी लावून डाग दाखवले: बीपीनं बारीक रक्तवाहिन्या खराब झाल्यात. रिसेप्शनवरचा म्हणाला, “वयोमानानं होतंच.” विचारलं होतं कुणी? वेळ ९ची, नंबर ११ला. पार्किंग विसरा, रिक्षानं जा.