जुनं चिनी कांस्य: आरसा घ्यावा की धूपपात्र?

शुभ प्राण्यांची नक्षी असलेलं जुनं चिनी कांस्य घ्यायचं म्हटलं, तर निवड बहुधा दोन वस्तूंतच होते: हान-तांग राजवटींच्या काळातला (साधारण इ.स.पू. 206 ते इ.स. 907) आरसा आणि मिंग-छिंग राजवटींच्या काळातलं (1368 ते 1912) धूपपात्र. त्याहून जुनी, तीन हजारांवर वर्षांपूर्वीच्या शांग काळातली, पूर्वजांना नैवेद्य दाखवायची पात्रं संग्रहालयात पाहावीत. हूनानमध्ये 1938 साली सापडलेलं चार मेंढ्यांचं मद्यपात्र बीजिंगमध्ये आहे, आणि तेच त्याचं घर.

आरसा मला जास्त आवडतो. पुढची बाजू घासून चकचकीत केलेली, सगळी नक्षी पाठीवर. हान आरशांवर चार दिशांचे रक्षक दिसतात: पूर्वेचा निळा ड्रॅगन, पश्चिमेचा पांढरा वाघ, दक्षिणेचा शेंदरी पक्षी आणि उत्तरेचं सापाने वेढलेलं कासव. तांग काळात द्राक्षवेलींत खेळणारे सिंह आले. धातूत कथील भरपूर, आपल्या काशाच्या वाटीसारखंच. म्हणून पडला तर तडकतो.

पण हे आरसे बहुतेक थडग्यांतून निघालेले. 1970 च्या (पुरावस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्धच्या युनेस्को कराराच्या) आधी तो कोणाकडे होता याचा कागद नसेल, तर कितीही देखणा असो, मी घेणार नाही. शिवाय जमिनीतले क्षार धातूत मुरलेले असतात. मुंबई-कोकणच्या पावसाळी दमट हवेत फिकट हिरवी भुकटी सुटू लागते आणि नक्षी खाऊन टाकते.

धूपपात्र मात्र घरात, देवळात वापरलेलं असतं. तळाशी श्वेंद सम्राटाची (1426 ते 1435) मुद्रा दिसली म्हणून भुलू नका. ती असलेली जवळजवळ सगळी पात्रं नंतरची आहेत, आणि धातूही बऱ्याचदा पितळेकडे झुकणारा. त्यात कमीपणा नाही. फक्त पैसे छिंग काळातल्या वस्तूचे द्या, श्वेंदचे नव्हे. पात्राच्या कानांवर, म्हणजे बाजूच्या मुठींवर, सिंहाची किंवा हत्तीची मुखं असतात, कुठे वटवाघळं. चिनीत वटवाघूळ आणि सौभाग्य यांचा उच्चार एकच, ‘फू’. काहींत तर सबंध पात्रच प्राण्याच्या आकाराचं, आणि धूर त्याच्या तोंडातून निघतो.

घेताना पात्र उलटं करून बघा. पायांची झीज वापराशी जुळते का, सिंहाच्या आयाळीत छिन्नीचं काम धारदार आहे का, की नुसतं साच्यातून आलेलं बोथट? तपकिरी झळाळी सांभाळा. चिंच-मीठ लावलंत तर ती गेलीच.

पहिली खरेदी असेल तर धूपपात्रच घ्या. आरसा घ्यायचाच असेल, तर पक्के कागद आणि कोरडं, बंद कपाट दोन्ही आधी हवं.