नाशिकची थंडी, मोकळं पार्किंग आणि ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशर: सात महिन्यांनंतर

नोव्हेंबरच्या सुरुवातीला गाडीच्या रंगावरचे बारीक ओरखडे घासून काढणारं हे मशीन घेतलं. स्पंजचं पॅड चिकटवायची पाच इंची प्लेट, १५ मिलिमीटर थ्रो (पॅड ज्या छोट्या वर्तुळात डगमगतं त्याची रुंदी), वेगाचे सहा टप्पे. आता मे संपत आलाय. एवढ्यात आमची काळी होंडा सिटी पूर्ण झाली, भावाची पांढरी स्विफ्ट झाली आणि शेजारच्या काकांच्या गाडीचं बॉनेट झालं. आमच्याकडे गॅरेज नाही. सगळं काम सोसायटीच्या मोकळ्या पार्किंगमध्ये केलंय, म्हणून ज्यांच्या डोक्यावर छप्पर नाही त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आमची गाडी आठ वर्षं रोज सकाळी एकाच बादलीत बुचकळलेल्या फडक्याने पुसली गेली. फडक्यातली माती रंगावर फिरत राहिली आणि उन्हात बघितलं की सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याचं जाळं दिसायचं. बाबांनी ही गाडी फार जपून चालवली होती. ते जाळं मला खुपायचं.

मशीनबद्दल आधी. याचं पॅड फिरतं आणि फिरता फिरता डगमगतं, त्यामुळे एका जागी उष्णता साठत नाही. क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, बहुतेक गाड्यांवर ४०-५० मायक्रॉनच असतो, केसापेक्षाही पातळ, त्यामुळे नवख्या हातात नुसत्या गोल फिरणाऱ्या रोटरी पॉलिशरपेक्षा हेच बरं. पण जास्त दाबलं किंवा पॅड कडेवर तिरकं पडलं की फिरणं थांबतं, नुसती थरथर उरते आणि ओरखडे तसेच राहतात. प्लेटच्या कडेला मार्करने एक रेघ मारून ठेवा, पॅड फिरतंय की नाही ते लगेच कळतं. दाराच्या हँडलखाली आणि बंपरच्या वळणांत १५ मिलिमीटरचं मशीन अडतं. तिथे मी हातानेच केलं.

आता थंडीचं. पहिल्या रविवारी उत्साहात साडेसातला सुरुवात केली. बाहेर दहा-अकरा अंश, गाडीवर दव. वरवर पुसून घेतलं, पण दाराच्या फटींतून पाणी झिरपत राहिलं. पॅड ओलं झालं, कंपाउंड (ओरखडे घासायची पेस्ट) पातळ होऊन शिंतोडे उडाले आणि सकाळ वाया गेली. पुढच्या वेळेपासून नऊला धुणं, क्ले (रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारा मऊ गोळा) फिरवणं, फटींत हवा मारून वाळवणं आणि दहाच्या सुमारास पॉलिश, असा क्रम बसला. आमच्या इमारतीची सावली साडेबारापर्यंत टिकते, तेवढंच खरं काम. गार पत्र्यावर कंपाउंड लवकर वाळत नाही. दीड-दोन फुटांच्या चौकोनात सावकाश चार-पाच फेऱ्या आरामात होतात. दुपारी वारा सुटला की धूळ येते, तेव्हा मशीन बंद. पॅडखाली एक खडा आला तरी नवे ओरखडे पडतात.

सावलीत मात्र फसायला होतं. बॉनेटचा पहिला हात झाल्यावर आरशासारखं दिसत होतं, मी खूश. मग पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं, कारण पॉलिशमधलं तेल ओरखडे भरून काढतं आणि ते गेल्याशिवाय खरं चित्र दिसत नाही. गाडी ढकलून उन्हात नेली. निम्मं जाळं जागच्या जागी! हात फार भरभर फिरवत होतो, हे तेव्हा कळलं. त्यानंतर प्रत्येक भाग सावलीत करायचा आणि उन्हात तपासायचा, हा नियमच केला. डिसेंबरात ऊन तिरपं येतं, त्यामुळे दारंसुद्धा नीट तपासता येतात. पार्किंगमधल्या ट्यूबलाइटखाली यातलं काहीच दिसत नाही. सिटीला चार रविवार लागले.

काकांचं बॉनेट मार्चअखेरीस घेतलं, ती चूक झाली. दहालाच पत्रा इतका तापला होता की हाताची मागची बाजू टेकवत नव्हती. कंपाउंड वाळून पांढरी पूड उडाली, ती पुसताना जीव गेला, आणि पॅडचं वेलक्रो सुटलं. काका म्हणाले, "अरे, राहू दे आता, दिवाळीनंतर बघू." त्यांचं बरोबर होतं. राहिलेलं मी दुसऱ्या दिवशी सूर्य वर यायच्या आत पूर्ण केलं.

पाण्याबद्दल कळकळीने सांगतो: आरओचं वाया जाणारं पाणी गाडीला वापरू नका. त्यात क्षार साध्या पाण्यापेक्षा जास्त असतात आणि उन्हात वाळले की डाग धरतात. आमचं बोअरचं पाणीही जड आहे, म्हणून एकेक भाग धुऊन लगेच टिपून घेतो.

मशीनच्या तक्रारी: वायर आखूड आहे, एक्स्टेंशन लागतंच, आणि वायर खांद्यावरून घेतली नाही तर पत्र्यावर घासते. दोन तास सलग चालवलं की बोटं बधिर होतात. सोबत आलेली दोन पॅडं सिटीलाच संपली. एका गाडीला चार-पाच तरी हवीत, आणि पॅड, कंपाउंड, मायक्रोफायबर मिळून मशीनइतकाच खर्च आला. मोटर मात्र अजून पहिल्या दिवसासारखी चालते.

डाव्या दारावर दोन ओरखडे राहिलेत. त्यांत नख अडकतं, म्हणजे ते पॉलिशने जायचे नाहीत आणि तिथला क्लिअर कोट मला आणखी घासायचा नाही. पावसाआधी हाताने सीलंटचा, म्हणजे रंग जपणाऱ्या लेपाचा, एक थर देईन. मशीन आता नोव्हेंबरपर्यंत खोक्यात.