गाडीचा रंग जपायला सिरॅमिक कोटिंग की पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म)?

हल्लीच्या गाड्यांच्या रंगावर क्लिअर कोटचा पारदर्शक थर असतो, साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षाही पातळ. बारीक ओरखडे उठतात ते त्यातच. आणि खरं सांगायचं तर बरेचसे आपणच धुळकट फडक्याने पुसून पाडतो.

सिरॅमिक कोटिंग म्हणजे या क्लिअर कोटवर लावायचा पातळ लेप, जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा. चकाकी येते, पाणी घरंगळतं, धुणं सोपं होतं. पण उडालेल्या खड्यापुढे त्याचा काय निभाव लागणार!

पीपीएफ म्हणजे 150 ते 200 मायक्रॉनची पॉलियुरेथेन फिल्म. खड्याचा मार ती स्वतः झेलते, आणि चांगल्या फिल्मवरचे बारीक ओरखडे उन्हाच्या उबेने भरून येतात. महाग मात्र बरीच. म्हणून मी बॉनेट आणि पुढच्या बंपरलाच फिल्म लावेन, बाकी गाडीला कोटिंग.