जूनमधलं सामान मार्चमध्ये: बालवाडीच्या कपाटाचा दहा महिन्यांचा अनुभव

जूनमध्ये बालवाडीचं कपाट नव्यानं भरलं: खडू, माती, मणी, चाकाच्या गाड्या. मुलं अडीच ते चार वर्षांची, एकूण १८. सांभाळायला मी आणि मदतनीस मावशी. आता मार्च संपत आला. काय टिकलं, काय काढून टाकलं ते सांगते.

खेळणी घेताना आयएसआयचा शिक्का पाहिला. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना तो सक्तीचा आहे. शिक्क्याजवळचा सीएम/एल क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपवर टाकला की परवाना खरा का ते कळतं. दोन गाड्यांचे क्रमांक सापडले नाहीत, त्या परत केल्या. बाकीच्या चांगल्या निघाल्या. पण शिक्का मिळतो तो नव्या गाडीला. डिसेंबरमध्ये तिचंच एक चाक मावशींना केरात सापडलं.

तेव्हापासून दर शनिवारी आम्ही नळी घेऊन बसतो. तीन वर्षांखालच्या मुलांची खेळणी तपासायचा प्रमाणित दंडगोल ३१.७ मिलिमीटर रुंद असतो. आमची नळी म्हणजे टिश्यूच्या गुंडाळीतला पुठ्ठा, साधारण ४ सेंटिमीटरचा, म्हणजे जरा जास्तच कडक. त्यात जे मावलं ते घशात अडकू शकतं, म्हणून बाद. पहिल्याच शनिवारी सगळ्यात जास्त मावले ते मेणखडूचे तुकडे. जूनमध्ये खडू अख्खा होता, डिसेंबरपर्यंत त्याचे तीन तुकडे झाले होते. डब्यावर 'बिनविषारी' छापलंय आणि ते खरंही असेल, पण घशात अडकायला विष लागत नाही. आता जाड, तीनधारी खडू आणते. तुटला की तुकडा लगेच डब्याबाहेर.

पाण्यात फुगणारे रंगीत मणी मी दोन दिवसांत बंद केले. फुगले की थेट भिजलेल्या साबुदाण्यासारखे दिसतात, आणि आमच्याकडे साबुदाणा प्रत्येक घरात खातात. कोरडा मणी गिळला तर तो पोटात फुगतो, आतडं अडवू शकतो आणि एक्स-रेत सहसा दिसतही नाही. हे कुणीच लहान मुलांसाठी आणू नये.

सगळ्यात जास्त प्रयोग खेळायच्या मळलेल्या पिठावर केले. नेहमीचं प्रमाण दोन वाट्या मैद्याला एक वाटी मीठ. एवढं मीठ मूठभर पिठातून पोटात गेलं तर लहान मुलाला खरोखर बाधतं. बोटाला चीर असेल तर झोंबतं ते वेगळंच. म्हणून मीठ कमी केलं, तर कोकणातला पाऊस! तिसऱ्या दिवशी हिरवी बुरशी. त्यात एका मुलीला गव्हाची ॲलर्जी. शेवटी तांदळाच्या पिठीची उकड काढली, मोदकाला काढतो तशीच, चिमूटभर मीठ आणि तेलाचा हात देऊन. रंगाला हळद नाहीतर बीट. तासाभरात तिला भेगा पडायला लागतात आणि उरलेली दुसऱ्या दिवशी चालत नाही, रोज ताजी काढावी लागते. मावशींची खटपट वाढली, तरी माझी पसंती हिलाच. शाडूही छान, फक्त वाळल्यावर धूळ उडते, म्हणून तिथे केरसुणी नाही, ओलं फडकं. चित्रावर चिकटवायची रांगोळी याच कारणानं बंद केली. ती दगडाची भुकटी, आणि मुलं फुंकर मारतातच.

जानेवारीत एका मुलानं कुंपणावरच्या वेलीच्या गुंजा खिशातून आणल्या. लाल, काळ्या ठिपक्याच्या, देखण्या. लहानपणी मीही त्यांच्याशी खेळलेय. पण बी चावून फुटलं तर आतलं ॲब्रिन अत्यंत विषारी. त्याच दिवशी सगळ्या पालकांना बोलावून गुंज हातात धरून दाखवली, बागेतली वेल उपटली.

चिंचोके नळीत मावतात, तरी ठेवलेत, फक्त चार वर्षांच्या मुलांना. मोजून देते, मोजून घेते. काल २५ दिले, २४ आले. पंचविसावा सतरंजीखाली सापडेपर्यंत कुणाला घरी सोडलं नाही.