पोलीस निधीवर वर्गात चर्चा: स्पर्धात्मक वादविवाद की बाजू बदलून मांडणी?

इलिनॉय राज्याने २०२२-२३ या शैक्षणिक वर्षापासून सार्वजनिक माध्यमिक शाळांना माध्यमसाक्षरतेचे (बातम्या आणि त्यांचे स्रोत पारखण्याचे) पाठ बंधनकारक केले. २०२० मध्ये मिनीआपोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय नागरिकाच्या पोलिसाकडून झालेल्या हत्येनंतर अमेरिकाभर पेटलेला, पोलिसांचा निधी कमी करावा का हा प्रश्न अशा पाठासाठी घ्यावा, असे ज्या शिक्षकाला वाटते, त्याच्यापुढे प्रामुख्याने दोन पद्धती असतात. पहिली म्हणजे परीक्षकांसमोर दोन संघांनी केलेला वादविवाद. दुसरी मिनेसोटा विद्यापीठातील डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन या बंधूंनी विकसित केली: चौघांच्या गटातील दोन जोड्या परस्परविरोधी बाजू मांडतात, मग बाजूंची अदलाबदल करतात आणि शेवटी दोन्ही बाजू सोडून एकत्रित निष्कर्ष लिहितात.

दोहोंतला फरक एका आकड्यावरून स्पष्ट होतो. ऑगस्ट २०२० मध्ये टेक्सासमधील ऑस्टिनच्या नगर परिषदेने पोलिसांच्या अर्थसंकल्पातून सुमारे १५ कोटी डॉलर, म्हणजे जवळपास एक तृतीयांश रक्कम, कमी केल्याचे मथळे झळकले. प्रत्यक्षात तात्काळ कपात सुमारे २ कोटींचीच होती; सुमारे ८ कोटी न्यायवैद्यक प्रयोगशाळा, आपत्कालीन दूरध्वनी कक्ष यांसारखी कामे पोलीस खात्याबाहेर हलवण्यापोटी दाखवले होते आणि उरलेल्या रकमेचा पर्यायी वापर पुढे ठरायचा होता. वादविवादात अनुकूल संघ हा ‘एक तृतीयांश’ यश म्हणून सांगतो, प्रतिकूल संघ तोच अनर्थ म्हणून सांगतो, आणि आकडा फोडून पाहण्यात दोघांचाही फायदा नसतो. बाजू बदलणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र काल ज्या आकड्याच्या आधारे कपातीचे समर्थन केले, त्याच आकड्याने आज विरोध करावा लागतो, आणि तिथे त्याला शंका येण्याची शक्यता बरीच वाढते.

तरीही शंका येणे म्हणजे पडताळणी करता येणे नव्हे. स्टॅनफर्डमधील सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांच्या अभ्यासात व्यावसायिक तथ्यतपासनीस अनोळखी संकेतस्थळ सोडून इतरत्र त्याच्याविषयी शोध घेत होते, तर इतिहासकार आणि विद्यार्थी अनेकदा त्याच पानावर रेंगाळत होते. हे कौशल्य शिकवण्यासाठी एक स्वतंत्र तास ठेवणे मला दोन्ही पद्धतींत अपरिहार्य वाटते.

वादविवादाची खरी ताकद उलटतपासणीत आहे, कारण प्रतिस्पर्ध्याच्या स्रोतातील उणीव शोधण्याइतकी चिकाटी विद्यार्थी एरवी क्वचितच दाखवतात. परंतु तीस जणांच्या वर्गात मोजकेच बोलतात आणि बाकीचे श्रोते उरतात. शिवाय ज्यांच्या घरात कोणी पोलीस आहे किंवा ज्यांनी पोलिसांचा जाच सोसला आहे, अशा मुलांना जाहीर हारजीत नकोशी होऊ शकते. म्हणून पहिल्यांदाच हा विषय घेणाऱ्या शिक्षकाने जॉन्सन पद्धत निवडावी, असे माझे ठाम मत आहे.

कोणतीही पद्धत निवडली तरी ‘निधी कमी करावा का’ हा प्रश्न फार ढोबळ आहे. त्याऐवजी नोव्हेंबर २०२१ मध्ये मिनीआपोलिसच्या मतदारांपुढे आलेला, पोलीस खात्याच्या जागी सार्वजनिक सुरक्षा विभाग आणण्याचा प्रस्ताव घ्यावा. सुमारे ५६ टक्क्यांनी तो फेटाळला. त्याचा मूळ मजकूर आणि दोन्ही बाजूंचा प्रचार यांची तुलना करता येते. वर्गाला वादविवादाचा सराव असेल आणि शिक्षकाने तोच निवडला, तर बाजू नाणेफेकीने आणि तीही अभ्यास पूर्ण झाल्यानंतर ठरवावी, म्हणजे प्रत्येक संघाला दोन्ही बाजूंचे स्रोत तपासावेच लागतील.